ग्रंथालय, बैठक आणि क्लॅरिनेट : तंजावरच्या मराठी दरबारातील एका सांस्कृतिक भाषांतराचा इतिहास

१

ग्रंथालय ही मूक वाचनाची जागा आहे, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की ग्रंथालयाचा श्रोतृवर्ग असा शब्दप्रयोग केला तर तो विसंगत वाटावा. तरीही ग्रंथालयाने वाचकाबरोबर श्रोताही घडवावा, ही कल्पना आपल्याकडे वेळोवेळी मांडली गेली आहे. २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उद्घाटन झाले. युनेस्कोच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या प्रायोगिक ग्रंथालयात ग्रंथ-देवघेवीच्या जोडीला समाजशिक्षणाचा स्वतंत्र विभाग होता, आणि व्याख्याने, चित्रपट, नाट्य, संगीत यांच्याद्वारे नवशिक्षित नागरिकाला ग्रंथालयाकडे आणावे, अशी त्यामागची भूमिका होती. ही भूमिका युद्धोत्तर काळातील आंतरराष्ट्रीय विचारातून आलेली होती. परंतु ग्रंथसंग्रह आणि संगीताची बैठक यांचा सांधा जुळवण्याचा याहून सुमारे दीडशे वर्षे जुना असा एक प्रयोग मराठीभाषक राजकुलाच्या आश्रयाने घडला होता. त्याची जागा दिल्लीपासून फार दूर, कावेरीच्या खोऱ्यात, तंजावरला होती.

प्रस्तुत निबंधात या प्रयोगाचा विचार क्लॅरिनेट या एका वाद्याच्या निमित्ताने करावयाचा आहे. वाद्य हे साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत सहसा येत नाही. मात्र तौलनिक साहित्याभ्यासात आपण ज्यांना प्रभाव, स्वीकार, रूपांतर, भाषांतर असे म्हणतो, त्या प्रक्रिया एखाद्या वाद्याच्या स्थलांतरात अधिक उघडपणे दिसतात. शब्दाचे भाषांतर झाले की मूळ शब्द मागे राहतो. वाद्य मात्र तेच राहते आणि त्यातून निघणारी भाषा बदलते. तंजावरला क्लॅरिनेटचे असे भाषांतर झाले. त्या भाषांतरात मराठी या भाषेचा वाटा होता, आणि पुढे विसाव्या शतकात भारतीय नृत्यसंगीताचा प्रमाण इतिहास लिहिला गेला तेव्हा वाद्य आणि भाषा या दोहोंनाही जवळजवळ एकाच वेळी त्यातून बाहेर पडावे लागले. हा योगायोग नव्हता, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले तेव्हापासून १८५५ पर्यंत तेथे भोसले कुळाची सत्ता होती. या दरबाराचे वाङ्मयीन जीवन आरंभापासून बहुभाषिक होते. संस्कृत आणि तमिळ यांच्याबरोबर नायक राजांच्या काळापासून प्रतिष्ठित झालेली तेलुगू तेथे होती, आणि नव्या राज्यकर्त्यांची मराठीही आली. शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४-१७१२) नावावर तेलुगू आणि मराठी अशी दोन्ही भाषांतील नाटके आहेत. ‘पंचभाषाविलास’ या त्यांच्या नाटकाच्या नावातच दरबाराचे भाषिक वास्तव नोंदलेले आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तंजावरची नाटके त्याआधी दीड शतक लिहिली गेली होती आणि ती गायली, नाचली जात होती, ही बाब बहुतेक वाङ्मयेतिहासांत एखाद्या परिच्छेदात उरकली जाते.

या परंपरेच्या उत्तरकाळात सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) गादीवर आले. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. पण अमरसिंहाच्या कारभारामुळे त्यांचे बालपण असुरक्षिततेत गेले. जर्मन धर्मोपदेशक क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ यांनी त्यांच्या रक्षणाची आणि शिक्षणाची जबाबदारी घेतली, आणि १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलवण्यात आले. १७९८ मध्ये ते गादीवर बसले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा प्रत्यक्ष कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, ठराविक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. राज्य गेलेल्या राजाने आपली सत्ता ज्ञानाच्या क्षेत्रात उभी केली, हे विधान सरफोजींविषयी वारंवार केले जाते. ते खरेही आहे. मात्र त्याचा अर्थ ग्रंथसंग्रहापुरता घेतला तर अपुरा ठरतो.

सरस्वती महाल हे ग्रंथालय नायककालीन संग्रहातून वाढत आले होते. सरफोजींनी त्याला आजचे रूप दिले. येथील हस्तलिखितांची संख्या पन्नास हजारांच्या घरात जाते. त्यांत बहुसंख्य संस्कृत असली तरी मराठी हस्तलिखितेही तीन हजारांहून अधिक आहेत. याशिवाय सरफोजींनी स्वतः जमवलेली साडेचार हजारांहून अधिक युरोपीय भाषांतील पुस्तके येथे आहेत आणि त्यांपैकी अनेकांवर त्यांची इंग्रजीतील स्वाक्षरी आढळते. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा राजा फुर्क्रुआ, लव्हॉझिए, लिनीयस आणि ब्यूफाँ या शास्त्रज्ञांविषयी सहजपणे बोलतो आणि शेक्सपिअरविषयी जाणतेपणाने मत देतो, अशी नोंद त्यांनी केली. या संग्रहाचा एक भाग मात्र ग्रंथसूचींच्या चर्चेत क्वचित येतो. तो म्हणजे युरोपीय संगीताच्या छापील आणि हस्तलिखित स्वरलिप्या. सरफोजींनी पाश्चात्य स्वरलेखनाचा अभ्यास केला होता आणि त्यांच्या पदरी युरोपीय पद्धतीचे बँडपथकही होते. म्हणजे या ग्रंथालयातील काही कागद डोळ्यांनी वाचण्यासाठी नव्हते. ते वाजवून वाचावयाचे होते.

येथे एक स्थलविषयक तपशील महत्त्वाचा आहे. तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल आणि संगीत महाल ही दोन्ही दालने एकाच संकुलात आहेत. ज्या दरबारी मंडळींना ग्रंथसंग्रह खुला होता, त्यांनाच संगीताची बैठकही खुली होती. पाश्चात्य संगीतात ‘चेंबर म्युझिक’ हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो, म्हणजे थोड्या वादकांनी, मर्यादित जागेत, जाणकार श्रोत्यांसमोर सादर केलेले संगीत, त्याला आपल्याकडे ‘बैठक’ हा जवळचा शब्द आहे. तंजावरच्या बैठकीतील श्रोता हा पोथी वाचणारा, तिची नक्कल करवून घेणारा, एका भाषेतील मजकूर दुसरीत नेणारा असा श्रोता होता. त्याच्या कानांना परके वाद्य परके वाटले नाही, याचे एक कारण त्याच्या या वाचनसंस्कारात शोधावे लागते.

३

क्लॅरिनेटचा जन्म इ. स. १७०० च्या सुमारास न्यूरेंबर्ग येथे योहान क्रिस्टोफ डेनर यांच्या कार्यशाळेत झाला, असे मानले जाते. शतकाच्या अखेरीस या वाद्याला युरोपच्या दालनसंगीतात प्रतिष्ठा मिळाली. मोझार्टने क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्ये यांच्यासाठी लिहिलेले पंचक १७८९ सालचे आहे. त्या वर्षी सरफोजी बारा वर्षांचे होते. भारतात मात्र हे वाद्य दालनातून आले नाही, ते छावणीतून आले. कंपनीच्या पलटणींबरोबर ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून या वाद्यांची पथके असत. त्यांत क्लॅरिनेट हे धून पुढे नेणारे प्रमुख वाद्य होते. आजही महाराष्ट्रातील लग्नाच्या वरातीत बँडवाले ज्याला ‘क्लॅरोनेट’ म्हणतात, त्याची वंशावळ या लष्करी पथकांपर्यंत जाते.

वाद्याची घडण येथे ध्यानात घेतली पाहिजे. सनई, नागस्वरम् आणि मुखवीणा या वाद्यांची जिव्हाळी दुहेरी असते. क्लॅरिनेटची पत्ती एकेरी असते आणि ती मुखभागावर बांधलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या क्लॅरिनेटवर चाव्या मोजक्या, पाच-सहाच असत. बाकीची छिद्रे वादकाच्या बोटांखाली उघडी असत. बोट हळूहळू सरकवून किंवा छिद्र अर्धे झाकून, आणि ओठांचा दाब बदलून, एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंडपणे जाणे अशा वाद्यावर शक्य होते. गमक हा ज्या संगीताचा प्राण आहे, त्या संगीताला हे वाद्य उपयोगी पडले याचे तांत्रिक कारण हे आहे. युरोपात १८४० नंतर क्लॅरिनेटवर चाव्या आणि कड्या यांची गुंतागुंत वाढत गेली. दक्षिणेतील वादकांना मात्र साधी रचनाच सोयीची होती.

या काळात पाश्चात्य सुरावटींकडे पाहण्याची दक्षिणेतील दृष्टी कशी होती, याचे सर्वांत बोलके उदाहरण मुथुस्वामी दीक्षितर (१७७५-१८३५) यांचे आहे. मद्रासजवळ मणली येथे असताना त्यांनी सेंट जॉर्ज किल्ल्यातील बँडवर ऐकलेल्या धुनांवर संस्कृत पदे रचली. ‘नोट्टुस्वर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचना चाळीसच्या आसपास आहेत आणि ब्रिटिश राष्ट्रगीताची चाल त्यांत देवीस्तुतीच्या शब्दांनी आलेली आहे. त्यांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात आणले. मुथुस्वामींचे शिष्य आणि ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार भावांपैकी वडिवेलु व्हायोलिनवादनात निपुण होते. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. नोट्टुस्वरांत सुरावट बाहेरची आणि शब्द आपले होते. व्हायोलिनच्या स्वीकारात वाद्य बाहेरचे आणि सुरावट आपली झाली. क्लॅरिनेटचा प्रवास या दुसऱ्या प्रकारात मोडतो. परंतु व्हायोलिनला जी अक्षय प्रतिष्ठा मिळाली ती क्लॅरिनेटला लाभली नाही. या फरकाचे कारण ते ज्या मंडळींच्या हाती गेले, त्यांच्या सामाजिक स्थानात आहे.

४

दक्षिणेत वाद्यमेळाचे दोन प्रकार होते. ‘पेरिय मेळम्’ म्हणजे मोठा मेळ हा देवळाशी निगडित, नागस्वरम् आणि तविल यांचा. ‘चिन्न मेळम्’ म्हणजे लहान मेळ हा नृत्याचा. त्यात नर्तकी, टाळ धरून बोल म्हणणारा नट्टुवनार, मृदंगवादक, आधारस्वर देणारी तुत्ती आणि मुखवीणा यांचा समावेश असे. दरबारातील ‘सदिर’ हे नृत्य या लहान मेळाच्या साथीने होई. वादक उभे राहून नर्तकीच्या मागे असत आणि ती पुढे-मागे सरकेल तसे तेही सरकत. या मेळात मुखवीणेच्या जागी क्लॅरिनेट आले. हा बदल घडवून आणण्याचे श्रेय परंपरेने तंजावरच्या महादेव नट्टुवनारांना दिले जाते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो स्थिरावलेला दिसतो. मुखवीणेचा स्वर तीव्र आणि अरुंद. क्लॅरिनेटचा स्वर खालच्या सप्तकात गोल व वरच्या सप्तकात भेदक. गायिकेच्या आवाजाला सावलीसारखी साथ करणे, आणि अभिनयाच्या ओळीत शब्द थांबला तरी भाव लांबवणे, हे काम या वाद्याने अधिक चांगले केले असणार.

ज्या नृत्यप्रयोगांच्या परिसरात हा बदल घडला, त्यांच्या साहित्याचा एक मोठा भाग मराठीत होता. सरफोजींच्या नावावर असलेला ‘कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस’ हा संग्रह या दृष्टीने असाधारण आहे. ‘कोरवे’ म्हणजे नृत्यबंध आणि ‘जिन्नस’ हा व्यवहारातला, कोठाराच्या नोंदवहीतला शब्द. काव्यशास्त्राच्या परिभाषेऐवजी असा शब्द शीर्षकात यावा, यातच या लेखनाचे स्वरूप कळते. हा संग्रह प्रयोगाची सामग्री म्हणून सिद्ध झाला होता. यातील प्रत्येक निरूपणात एकच कथासूत्र एकाच रागात व एकाच तालात आरंभापासून अखेरपर्यंत नेले आहे, आणि त्यात जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, जक्किणी, मंगल अशा अठरा अंगांची साखळी आहे. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आपण परंपरागत म्हणून ओळखतो, त्याच्या घडणीच्या काळातील हा एक लिखित नमुना आहे आणि त्याची भाषा मराठी आहे.

‘देवेंद्र कुरवंजी’ हे सरफोजींचे मराठी नाटक याच वृत्तीचे आणखी एक उदाहरण. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्यातून दरबारात आलेला प्रकार. त्यातील भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री येथे इंद्राणीला जगाचा भूगोल गाऊन सांगते. खंडे, देश आणि नद्या यांची माहिती युरोपीय पुस्तकांतून आली, प्रकार तमिळ भूमीतून आला, भाषा महाराष्ट्रातून आली आणि सादरीकरण संगीत-नृत्यातून झाले. राजाच्या ग्रंथसंग्रहातील मजकूर थेट रंगमंचावर आल्याचे इतके स्पष्ट उदाहरण भारतीय साहित्यात विरळाच. तंजावरला ग्रंथालय आणि बैठक यांच्यात जी ये-जा होती ती याच जातीची होती. क्लॅरिनेटचा स्वीकार हा या ये-जेचाच एक भाग म्हणून पाहिला तर त्यात नवल वाटत नाही. मजकुराच्या बाबतीत जी मोकळीक होती, ती वाद्याच्या बाबतीतही होती.

५

१८३२ मध्ये सरफोजींचा मृत्यू झाला. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारस नसताना निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राजकुटुंबाची खासगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईसाहेब यांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये, हे राजसत्तेचे कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे, असा निर्णय दिला. संगीताच्या दृष्टीने या घटनेचा परिणाम दुहेरी होता. कागद वाड्यात राहिला आणि कलावंत बाहेर पडले.

कागदाचे काय झाले ते आधी पाहू. ए. सी. बर्नेल यांनी तयार केलेली, राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तंजावरचा संग्रह विद्वज्जगतात त्या सूचीमुळे विख्यात झाला. सूची संस्कृतची होती. त्यामुळे पाश्चात्य विद्वानांच्या आणि त्यांच्यामागून भारतीय संशोधकांच्या मनात सरस्वती महाल हे प्रामुख्याने संस्कृत शास्त्रांचे भांडार म्हणून ठसले. मराठी निरूपणे, मोडी दफ्तर आणि युरोपीय स्वरलिप्या त्याच इमारतीत होत्या, पण कीर्तीच्या बाहेर होत्या. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले तेव्हा त्याच्याकडे येणारा अभ्यासक काय शोधायचे हे ठरवूनच येत होता. १९०४ मध्ये दक्षिणेच्या प्रवासास निघालेले पंडित विष्णु नारायण भातखंडे हे त्याचे थोर उदाहरण होय. त्यांना संगीतशास्त्राचे ग्रंथ हवे होते. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितरांकडून त्यांना ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ मिळाली आणि त्यातून हिंदुस्थानी रागांच्या थाटव्यवस्थेला दिशा लाभली. हे कार्य युगप्रवर्तक आहेच. मात्र त्याच भूमीत मराठी पदांना चालणारा नृत्यमेळ आणि त्यातले क्लॅरिनेट हे या शोधाचे विषय होऊ शकत नव्हते, कारण ग्रंथ हेच प्रमाण मानणाऱ्या पद्धतीत त्यांना जागा नव्हती.

कलावंतांचा मार्ग वेगळा होता. काही मद्रासला गेले, काही त्रावणकोरला. एक धागा बडोद्याला पोहोचला. ६ जानेवारी १८८० रोजी सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या राजकुलातील लक्ष्मीबाईंशी झाला. त्या चिमणाबाई झाल्या. या संबंधातून तंजावरच्या नर्तकी, नट्टुवनार आणि वादक बडोद्याच्या कलावंत कारखान्यात दाखल झाले. गौरा आणि कांतिमती या नर्तकींची नावे बडोद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्याच बडोद्यात पुढे सयाजीरावांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले, मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना केली आणि फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत पाठवल्या. मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा १८८६ पासून चालू होती आणि १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. तंजावरच्या तुलनेत येथे एक मूलभूत फरक दिसतो. बडोद्यात ग्रंथालय आणि संगीत ही दोन स्वतंत्र खाती झाली. प्रत्येकाला अधिकारी, नियम, अंदाजपत्रक आणि अहवाल मिळाला. लोकशाही विस्ताराच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे होते, कारण ग्रंथ राजवाड्यातून खेड्यात गेला. पण वाचक आणि श्रोता यांचा जो सांधा एका वाड्यात जुळला होता, तो या विभागणीत सुटला.

६

दुसरी अखिल भारतीय संगीत परिषद डिसेंबर १९१८ मध्ये दिल्लीत भरली. यापुढे भारतीय संगीत म्हणजे काय आणि त्याची वाद्ये कोणती, या प्रश्नांची उत्तरे अखिल भारतीय पातळीवर दिली जाऊ लागली, आणि नवी राजधानी या निर्णयांचे केंद्र झाली. त्यातला सर्वांत गाजलेला निर्णय हार्मोनियमविषयीचा. ऑल इंडिया रेडिओवर दिल्लीहून पाश्चात्य संगीताची जबाबदारी सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी या वाद्याविरुद्ध लिहिले, आणि १९४० मध्ये नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. आक्षेप असा होता की या वाद्याचे स्वर ठरीव आहेत आणि त्यावर मींड व श्रुती निघत नाहीत. मराठी नाट्यसंगीत ज्याच्या आधाराने वाढले ते वाद्य अशा रीतीने राष्ट्रीय माध्यमातून हद्दपार झाले. आक्षेपाला किमान एक तांत्रिक बाजू तरी होती.

क्लॅरिनेटच्या बाबतीत ती बाजूही नव्हती, कारण त्यावर गमक वाजत होते आणि शंभर वर्षे वाजत आले होते. १९३० च्या दशकात मद्रासच्या म्युझिक अ‍ॅकॅडमीने सदिरला भरतनाट्यम् या नावाने प्रतिष्ठा दिली. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी रंगमंचावर पदार्पण केले आणि पुढे या नृत्याची नवी मांडणी केली. नर्तकीच्या मागे उभे राहणारे वादक रंगमंचाच्या एका बाजूला बसवले गेले आणि क्लॅरिनेटच्या जागी बासरी आली. बासरी ही कृष्णाची. तिचे प्राचीनत्व शिल्पांत आणि शास्त्रांत दाखवता येत होते. क्लॅरिनेट परदेशी होते. शिवाय ते देवदासी कुटुंबांच्या आणि नट्टुवनारांच्या लहान मेळाची खूण होते. याच काळात देवदासीप्रथेविरुद्धचे आंदोलन १९४७ च्या मद्रास कायद्यापर्यंत पोहोचले. प्रथेतील शोषण थांबले हे निर्विवाद. परंतु त्या प्रथेशी निगडित कलावंतांचे ज्ञानही त्याबरोबर संशयास्पद ठरले. व्हायोलिन तितकेच परदेशी होते. पण ते दीक्षितरांच्या कुळातून आणि सभागृहातील गायकांच्या मांडीशेजारी आले होते. म्हणून ते आपले राहिले. वाद्याचे देशीपण त्याच्या जन्मस्थळावर ठरले नाही, ते वाजवणाऱ्याच्या जातीवर आणि स्थानावर ठरले.

मराठीच्या बाबतीतही नेमके हेच घडले. नव्या भरतनाट्यमच्या प्रमाण संहितेत तमिळ, तेलुगू आणि संस्कृत यांना स्थान होते. सरफोजींची मराठी निरूपणे तिच्यात आली नाहीत. तमिळ अस्मितेला ती परकी होती, आणि महाराष्ट्रातील वाङ्मयेतिहासाला ती दूरची व अशुद्ध वाटत होती. ‘कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस’ हा संग्रह सरस्वती महालाने १९५८ मध्ये छापला. त्याच वर्षी दिल्लीत संगीत नाटक अकादमीने नृत्यविषयक राष्ट्रीय परिसंवाद घेतला आणि स्वतंत्र भारताच्या शास्त्रीय नृत्यांची चर्चा केली. भरतनाट्यमची प्रमाण घडण तोवर पक्की झाली होती, आणि एका घडत्या प्रयोगपरंपरेचा मराठी दस्तऐवज केवळ ग्रंथालयाच्या प्रकाशनांच्या यादीत दाखल झाला.

तरीही परंपरा एकदम तुटत नाही. टी. बालासरस्वती या तंजावर परंपरेतील श्रेष्ठ नर्तकीने आपल्या मेळात क्लॅरिनेट कायम ठेवले. तिच्या नृत्याच्या प्रभावाचे वर्णन करणाऱ्यांनी गायन आणि अभिनय यांच्या एकजीवपणाचा वारंवार उल्लेख केला आहे. त्या एकजीवपणात हे वाद्य सहभागी होते. नृत्याच्या साथीतून हे वाद्य बाजूला पडत असतानाच ए. के. सी. नटराजन (जन्म १९३१) यांनी ते स्वतंत्र मैफलीचे वाद्य म्हणून प्रतिष्ठित केले. नागस्वरसम्राट राजरत्नम् पिळ्ळै यांनी त्यांना ‘क्लॅरिनेट एव्हरेस्ट’ म्हणून गौरवले आणि म्युझिक अ‍ॅकॅडमीने २००८ साली संगीत कलानिधी हा सन्मान दिला. ज्या संस्थेच्या व्यासपीठावरून सदिरचे नवे नामकरण झाले, तिनेच पाऊणशे वर्षांनी या वाद्याला आपल्या सर्वोच्च पंक्तीत बसवले.

७

या इतिहासातून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट पद्धतीची आहे. तंजावरच्या मराठी साहित्याचे मूल्यमापन आपण आजवर छापील पानावरच्या काव्यगुणांनी केले आणि ते बेताचे ठरवले. निरूपणातील पद हे पान भरण्यासाठी लिहिलेले नाही. ते बोल, ताल, पदन्यास आणि साथीचे वाद्य यांच्या मेळात पूर्ण होते. त्यातील शब्दांची पुनरावृत्ती, अर्धवट सोडलेली वाक्ये, मराठी ओळीत मिसळलेले तेलुगू वा तमिळ शब्द हे दोष म्हणून मोजण्याआधी, शब्द थांबल्यावर वाद्य काय करीत होते हे विचारले पाहिजे. त्यासाठी संहिता, मोडी दफ्तरातील खर्चाच्या नोंदी आणि स्वरलिप्या या तीन प्रकारच्या साधनांचे एकत्र वाचन करावे लागेल. ती साधने आज तंजावरलाच आहेत. त्यांना एकत्र वाचणारा, मोडी, तमिळ आणि स्वरलेखन या तिन्ही लिप्या जाणणारा अभ्यासक तयार करणे हे अध्यासनांचे आणि विद्यापीठांचे काम आहे. मोडी वाचणाऱ्यांची संख्या दर पिढीत रोडावत असताना हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

दुसरी गोष्ट ग्रंथालय या संस्थेविषयीची आहे. संग्रह आणि प्रयोग यांची फारकत झाली की संग्रहाला जे बोलता येते तेवढेच इतिहास म्हणून उरते. तंजावरला जे सूचीत आले ते शास्त्र झाले, जे सूचीबाहेर राहिले ते लोकांच्या स्मृतीतूनही गेले. दिल्लीत रवींद्र भवनामध्ये संगीत नाटक अकादमीचे ग्रंथालय आणि ध्वनि-चित्रसंग्रह आहे, दिल्ली पब्लिक लायब्ररीच्या रूपाने श्रोता घडवू पाहणाऱ्या ग्रंथालयाचा वारसा आहे, आणि मराठीचे अध्ययन करणारे विद्यार्थीही आहेत. सरफोजींचे एखादे निरूपण अशा ठिकाणी आधी वाचले जावे, त्याच्या संहितेवर चर्चा व्हावी आणि मग क्लॅरिनेट असलेल्या लहान मेळाच्या साथीने ते वाचकांसमोर सादर व्हावे, हे आज सर्वथा शक्य आहे. अशा प्रयोगाला हौसेचा कार्यक्रम समजू नये. त्यातून संहितेविषयीचे काही प्रश्न सुटतील आणि काही नवे उभे राहतील. संशोधनाकडून अपेक्षा असते ती एवढीच.

तिसरी आणि अधिक व्यापक गोष्ट ‘आपले’ या शब्दाची आहे. तंजावरची मराठी महाराष्ट्राला परकी वाटली आणि तमिळनाडूलाही. तेथील क्लॅरिनेट युरोपीय संगीताच्या इतिहासात येत नाही आणि भारतीय नृत्याच्या प्रमाण इतिहासातून वगळले गेले. दोन घरांच्या उंबरठ्यावर राहिलेल्या अशा वस्तूंकडे राष्ट्रीय आणि प्रादेशिक इतिहास पाठ फिरवतात, कारण त्यांच्यामुळे सीमारेषा पुसट होतात. तौलनिक साहित्याचे क्षेत्र मात्र तेथूनच सुरू होते. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी कावेरीकाठी जी मराठी बोलली, लिहिली आणि गायली, ती मराठीच्या इतिहासाचे परिशिष्ट नसून तिच्या सामर्थ्याची एक कसोटी आहे. ही कसोटी स्वीकारली तर मराठी वाङ्मयाचा नकाशा दक्षिणेकडे विस्तारेल आणि त्या नकाशात शब्दांबरोबर स्वरांचीही नोंद करावी लागेल.